आंबिलीचं नाव

बसवकल्याण,
कार्तिक वद्य एकादशी

चि. बाळ,


तुझं पत्र परवा आलं. तुझी काकू चष्मा लावून स्वतः वाचत बसली आणि मग मला पुन्हा मोठ्यानं वाचायला लावलं. जुन्या दूध डेअरीच्या इमारतीत चौघांनी सुरू केलेली तुमची ब्रुअरी आता नऊ जणांची झाली, दोन नव्या टाक्या आल्या, हे वाचून समाधान वाटलं. पहाटे पाचला माल्ट दळायला घ्यायचं, निम्मा दिवस टाक्या आणि नळ्या धुण्यात जायचा आणि उरलेला चोथा शेजारचा शेतकरी गायींसाठी घेऊन जायचा, हे सगळं तू नीट लिहिलंस. चोथ्याचं वाचून काकू म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच की. दाणा माणसाला, बाकीचं जनावराला."

आता तुझ्या मुद्द्याकडे येतो. तुम्ही ज्वारीपासून एक आंबटसर पेय करून पाहिलं आणि ते लोकांना आवडलं. पण तुमच्या बव्हेरियात त्याला बिअर म्हणून विकता येत नाही. २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोल्श्टाट इथं ड्यूक विल्हेल्म चौथा यानं जो नियम घातला, त्यात जव, हॉप्स आणि पाणी एवढ्या तिघांनाच जागा होती, आणि पुढच्या कायद्यांनीही ज्वारीला दारातच ठेवलं. म्हणून तुझ्या मनात आलं की बाटलीवर 'आंबील' हे नाव घालावं, वर बिंदग्याचं, म्हणजे घागरीचं, चित्र काढावं. मागच्या बाजूला छापायला आंबिलीमागची गोष्ट चार ओळींत लिहून दे, असं तू मला सांगितलंस.

चार ओळी लिहायला तीन वेळा बसलो. जमलं नाही. म्हणून हे पत्र.

तू सहा वर्षांची असताना येळवशीला शेतात आली होतीस. तुला खोप आठवत असेल, बाकीचं आठवणार नाही. मार्गशीर्ष अमावास्येला बीदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिव या सगळ्या पट्ट्यात घरं ओस पडतात आणि शेतं भरतात. कन्नडमध्ये ती एळ्ळ अमावास्ये. एळ्ळु म्हणजे तीळ. आपल्या मराठी तोंडात तिची येळवस झाली, आणि शहाणे लोक तिला वेळ अमावास्या म्हणू लागले. एकाच बांधाच्या अलीकडे मराठी आणि पलीकडे कन्नड बोलणारी माणसं एकाच दिवशी एकच सण करतात. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली, बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर तालुके मुंबई राज्यात गेले, आपण म्हैसूर राज्यात आलो. तुझ्या आजीचं माहेर त्या दिवशी दुसऱ्या राज्यात गेलं. येळवस मात्र दोन्हीकडे एकाच अमावास्येला राहिली.

त्या दिवशी शेतात कडब्याची खोप उभी करतात. आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडतात, ते पांडव. त्यांच्यापुढे भज्जी, उंडे, तिळाची पोळी, खीर आणि आंबील. भज्जी म्हणजे तेलात तळलेली भजी नव्हेत, हे तिकडच्यांना सांगावं लागेल. तूर, हरभरा, वाटाणा, पालेभाज्या, जे जे रानात असेल ते सगळं बेसन आणि ताकात शिजवून केलेली ती एक दाट भाजी. आणि आंबील शेतावर यायची बिंदग्यातून. तुझी आजी ते बिंदगं शालीत गुंडाळून डोक्यावर घ्यायची आणि दोन मैल चालायची, वाटेत कुणाशी बोलायची नाही. पूजा झाली की घरातला एक जण आंबील घेऊन पिकाच्या कडेनं फिरतो आणि थोडी थोडी शिंपत जातो. आपण त्याला चर शिंपणं म्हणतो. माणसाच्या तोंडी लागण्याआधी आंबील मातीला मिळते. त्या वेळी रब्बीची ज्वारी पोटरीत आलेली असते. ज्या दाण्याची आंबील केली, त्याच्याच पुढच्या पिढीच्या मुळाशी ती पडते.

मग पंगत. रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूससुद्धा हाक मारून बोलवायचा, ही रीत. आजोबा बांधावर उभे राहून मोटरसायकलवाल्यांना थांबवायचे. जात विचारायची नाही, गाव विचारायचं नाही, आधी पेला हातात द्यायचा. संध्याकाळी कडब्याचा हेंडगा पेटवून शेतातून फिरवायचा आणि घरी यायचं.

आंबील करण्यात काही गुपित नाही. ज्वारीचं पीठ ताकात कालवून मडक्यात चुलीच्या उबेला ठेवायचं. ते आंबलं की पाण्यात शिजवायचं, मीठ, जिरं, ठेचलेला लसूण घालायचा आणि गार झाल्यावर पुन्हा ताक. तू शिकलेली आहेस, तुला त्यामागचं शास्त्र माझ्याहून जास्त कळतं. तुम्ही धान्याला मोड आणता, त्यामुळे पिठाची साखर होते आणि यीस्ट तिची दारू करतं. आजी मोड आणत नव्हती. त्यामुळे मडक्यात साखर फारशी व्हायचीच नाही. ताकातले आणि पिठातले जिवाणू जेवढं असेल त्याचा आंबटपणा करायचे. म्हणून आंबील आंबट होते, चढत नाही. लेकुरवाळीलाही देतात, तान्ह्याच्या ओठालाही बोट लावतात.

आपल्या गावाला या पेल्याची आणखी एक ओळख आहे. बसवण्णा बाराव्या शतकात इथं, त्या वेळच्या कल्याणात, बिज्जळाचे मंत्री होते. त्यांच्या वचनांत मादार चन्नय्याला फार मान आहे. चन्नय्या जातीनं चांभार. चोळ राजाच्या घोड्यांना गवत आणून घालायचा. कथा अशी सांगतात की राजा रोज शिवाला पंचपक्वान्नांचा नैवेद्य दाखवायचा आणि एक दिवस देव जेवलाच नाही. तो चन्नय्याकडे जाऊन अंबली पिऊन आला होता. अंबली म्हणजे आपली आंबील. मी लहान असताना ही गोष्ट तुझ्या आजीनं मला चुलीपाशी सांगितली, मडकं ढवळता ढवळता. राजाचं ताट आणि चांभाराचं मडकं यांत देवानं मडकं निवडलं. या गावात आंबील विकायला बसलेला माणूस मी आजवर पाहिला नाही. ती देतात.

आता दुसरी गोष्ट सांगतो. ही तुला कुणी सांगितलेली नाही. तू ब्रुअरीत नोकरी धरलीस तेव्हा आजोबा दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. तुला वाटलं, म्हातारा जुन्या वळणाचा आहे. तसं नव्हतं.

आपल्या नाल्याच्या काठानं पूर्वी शिंदीचं बन होतं. शिंदीला रात्री छेद देऊन मडकं बांधलं की पहाटेपर्यंत गोड रस भरतो, ती नीरा. ऊन चढलं की हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट तिला फेस आणतं आणि दुपारपर्यंत ती शिंदी होते. संध्याकाळी आंबून जाते. इतकं ताजं पेय, एका दिवसाचं. झाडावर चढणाऱ्याचा हात, छेदाची खोली, मडकं कधी धुतलं, कधी बांधलं, यावर चव ठरायची. तुमच्या टाक्या धुण्याचं वाचलं तेव्हा मला तेच आठवलं. ती पण कारागिरी होती, बाळ.

पण निजामाच्या राज्यात शिंदी चढणाऱ्याची राहिली नाही. आबकारी हे सरकारचं मोठं उत्पन्न होतं. गुत्त्यांचे लिलाव व्हायचे. जास्त बोली लावणारा गुत्तेदार, आणि बोलीचे पैसे वसूल करायचे म्हणजे लोकांनी जास्त प्यायला हवं. आजही कलबुर्गीकडे गुत्तेदार हे आडनाव भेटतं, ते त्याच काळातून आलेलं. चढणारा गरीब राहिला, पिणारा आणखी गरीब झाला.

म्हणून १९४७ साली स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा पेटला, तेव्हा त्याच्या कार्यक्रमात शिंदीची झाडं तोडणंही होतं. सरकारचा महसूल बुडवायचा, असा तो सत्याग्रह. आजोबा वीस वर्षांचे होते. त्यांनी आणि गावातल्या सहा जणांनी तीन रात्रींत आपल्या नाल्यावरची शिंदी पाडली. पुढं मे १९४८मध्ये आपल्याच तालुक्यातल्या गोरट्यात रझाकारांनी माणसं कापली. तेव्हा आजोबा सीमेपलीकडच्या छावणीत होते, म्हणून वाचले. १७ सप्टेंबरला संस्थान मुक्त झालं आणि ते घरी आले.

घरी आले तेव्हा दारात एक माणूस बसला होता. आपल्या बनातल्या झाडांवर चढणारा. त्यानं भांडण केलं नाही. एवढंच विचारलं, "मालक, आता मी कशावर चढू?" आजोबांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी त्याला आपल्या शेतात कामाला ठेवलं आणि तो मरेपर्यंत येळवशीला पहिला पेला त्याला दिला. लढा चुकला असं ते कधी म्हणाले नाहीत. पण झाडाचा काही दोष नव्हता, चढणाऱ्याचाही नव्हता, हे त्यांनी मला तीन-चार वेळा सांगितलं. दोष लिलावाचा होता. १ जुलै २००७ला कर्नाटकात सरकारी सराई, म्हणजे गुत्त्यावरची दारू, बंद झाली, त्या दिवशी ते दिवसभर नाल्याकडे बघत बसले होते.

तुझी नोकरी ऐकून दोन दिवस गप्प राहिले, त्याचं कारण हे. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "तिथं लिलाव असतो का रे?" मी म्हणालो, नाही, चौघांनी मिळून काढलंय, स्वतःच करतात, स्वतःच विकतात. "मग करू दे," म्हणाले.

आता नावाचं. आपल्या देशात हल्ली छोट्या ब्रुअरी निघाल्यात. २००९ साली पुण्यात 'डुलाली' सुरू झाली, ती अगदी पहिल्यांतली. ते नाव कुठून आलं ठाऊक आहे? नाशिकजवळच्या देवळालीवरून. तिथं इंग्रजांची छावणी होती. मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत गोरे शिपाई महिनोन्‌महिने पडून राहायचे, काहींची डोकी फिरायची, आणि इंग्रजीत 'डुलाली' म्हणजे वेडा असा शब्द झाला. आपल्या गावाचं नाव परक्या तोंडात जाऊन असं झालं. ब्रुअरीवाल्यांनी तो आनंदानं परत आणला, त्यांचा मी आदर करतो. पण मला त्यावरून कळलं की नाव एकदा दूर गेलं की त्याचा अर्थ आपल्या हातात राहत नाही.

बाटलीवर 'आंबील' छापलं, की काही वर्षांनी तिकडच्या माणसासाठी आंबील म्हणजे थंड कपाटातली, किंमत लावलेली, चढणारी एक चीज होईल. आपली आंबील यातलं काहीच नाही. तुमच्याकडे बिअर या नावाची राखण कायदा करतो. आंबिलीची राखण करायला आपल्याकडे कायदा नाही, घरातली माणसं आहेत. त्यांतली एक तू आहेस.

म्हणून माझं म्हणणं: पेय करा, मन लावून करा, आणि नाव 'ज्वारी' ठेवा. त्यात खोटं काही नाही. ज्वारीचे दोन धडे मात्र लक्षात ठेव. तिचं पीठ जवापेक्षा जास्त उष्णतेला शिजतं, म्हणून तुमचं नेहमीचं तापमान पुरणार नाही. आणि मोड आणले तर वाळवून कोंब आणि मुळं चोळून झाडून टाका. कोवळ्या ज्वारीत विष असतं. आपल्याकडे कोवळे फुटवे खाऊन जनावरं दगावतात, त्याला किराळ लागणं म्हणतात. आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान्‌पिढ्या होते, आणि नायजेरियानं १९८८ साली जवाचं माल्ट आणणं बंद केलं तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांनाही ज्वारीकडे वळावं लागलं. त्यांचं काम मिळवून वाच. इकडे पटनचेरूला इक्रिसॅट ही संस्था १९७२पासून ज्वारीवर काम करते, त्यांनाही लिही.

आणि आंबील हवी असेल, तर मार्गशीर्ष अमावास्येला घरी कर. पीठ काकू पाठवते आहे, आपल्याच शेतातल्या मालदांडी ज्वारीचं. ताक तिथलं चालेल. कामावर घेऊन जा, नऊ जणांना पेले भरून दे, चोथा नेणाऱ्या त्या शेतकऱ्यालाही दे. पैसे घेऊ नकोस. कुणी प्यायच्या आधी थोडी अंगणातल्या मातीवर शिंप. बर्फ असेल तर बर्फ बाजूला करून शिंप.

मग कुणी विचारलंच की हे काय, तर तेव्हा गोष्ट सांग. बाटलीच्या मागे मावत नाही ती.

काकूचे आशीर्वाद. थंडीत कानाला बांधत जा.

तुझा,
काका