रजेवरच्या बाईंची चिठ्ठी

मराठी शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईने संगणकाच्या प्रोग्रॅमवर लिहावं, म्हणजे जरा अतीच! पण नात मध्यंतरी ज्यात अडकली होती, ते प्रकरण मला आमच्या शिक्षकखोलीतलंच वाटलं.

'गेटअ‍ॅड्रइन्फो' नावाचं एक फंक्शन असतं. नाव दिलं की ते आकडी पत्ता शोधून देतं. सोबत 'फ्लॅग' देता येतात, म्हणजे सूचनांची चिठ्ठीच. १९९७ च्या सुमाराचं हे फंक्शन जुन्या यंत्रणांत नव्हतं, म्हणून बदली फंक्शनं लिहिली गेली. ग्नू प्रकल्पाच्या 'ग्नूलिब' संग्रहात असं एक आहे. नातीने दाखवलं, त्याला दोनच फ्लॅग चालतात. तिसरा दिला की 'ईएआय_बॅडफ्लॅग्ज' हा एरर देऊन ते मोकळं होतं. शेजारी टीपही आहे, की अजून फ्लॅग हाताळायला हवेत. मला तो प्रामाणिकपणा फार आवडला.

नातीलाही असंच बदली फंक्शन लिहायचं होतं. सहकारी म्हणाला, "न कळणारे फ्लॅग सोडून दे, प्रोग्रॅम चालला म्हणजे झालं."

आमच्याकडे बाई रजेवर गेल्या की बदलीवर येणाऱ्यांसाठी चिठ्ठी ठेवत. 'कविता चालीवर म्हणून घ्या' असं असलं आणि चाल येत नसली, तर नुसती वाचली तरी काही बिघडत नसे. पण एकदा चिठ्ठीत होतं, 'अमक्याला उभं करून वाचायला लावू नका.' मुलगा अडखळत बोलायचा. बदलीवरच्या बाईंनी ते मनावर घेतलं नाही. पोरगं पुढे आठवडाभर शाळेत आलं नाही.

फ्लॅगांचंही तसंच आहे हो. 'एआय_अ‍ॅड्रकॉन्फिग' म्हणतो, या यंत्राला उपयोगी पडतील अशाच प्रकारचे पत्ते दे. तो सोडला तर बहुधा चार निरुपयोगी पत्ते जास्त मिळतील, एवढंच. 'एआय_न्यूमरिकहोस्ट' मात्र मनाई आहे : दिलेला पत्ता आकडी नसेल तर नकार दे, नाव विचारायला बाहेर जाऊ नकोस. तो गिळला तर प्रोग्रॅम उत्तराची वाट बघत ताटकळेल, आणि जे नाव बाहेर जायला नको ते परक्या सर्व्हरला कळेल. वर कोणाला पत्ताही लागणार नाही!

नातीने पहिला सोडला आणि तसं माहितीपत्रकात लिहिलं. दुसरा फंक्शनला शिकवूनच टाकला, चार-सहा ओळींचं तर काम. बाकी सगळ्यांना सरळ एरर. सहकारी दोन दिवस फुगून होता म्हणे.