मत आधी दिलं, पाहिलं नंतर

नोव्हेंबर २०२४ मध्ये कोलोरॅडोत प्यूमा, बॉबकॅट आणि लिंक्स यांच्या शिकारीवर बंदीचा प्रस्ताव मतदानाला आला. मी बंदीच्या बाजूने मत दिलं. कुत्रे मागे लावून जनावर झाडावर चढवायचं आणि खालून निवांत गोळी घालायची, यात कसलं शौर्य, असं मी भेटेल त्याला ऐकवत होतो. सुमारे ५५ टक्के मतं विरोधात पडली आणि प्रस्ताव बारगळला. ऑफिसातला एक शिकारी मित्र एवढंच म्हणाला, "तू कधी पाहिलंयस?"

पाहिलं नव्हतं. त्याने प्यूमाच्या शिकारीसाठी गाइडला काही हजार डॉलर मोजले होते. जानेवारीत मी त्याच्याबरोबर कोलोरॅडोतल्याच मीकरला गेलो, नुसता बघ्या म्हणून. १९०१ च्या हिवाळ्यात थिओडोर रूझवेल्ट कुत्र्यांसह प्यूमा मारायला आले होते, ते याच भागात.

दोन दिवस काहीच नाही. पहाटे उठायचं, ताज्या बर्फावरून जंगलातल्या रस्त्यांनी गाडी रांगवायची, उजेड पाडून ठसे शोधायचे. तिसऱ्या दिवशी एक सापडला: गोल, नखं न उमटलेला. गाइडने चार कुत्रे सोडले, गळ्यात जीपीएसचे पट्टे. प्यूमा झेप घेण्यात पटाईत, पण दमाला कच्चा. लांब पळणं झेपत नाही, म्हणून झाड गाठतो. दोनेक तासांनी कुत्र्यांचा आवाज बदलला. लांबट हेल गेले, एकाच जागेवरून तुटक भुंकणं येऊ लागलं. "चढला," गाइड म्हणाला.

मांडीभर बर्फ तुडवत आम्ही पोचलो. फांदीवर अंग चोरून बसलेलं ते जनावर खाली बघत होतं. मी जुन्नरचा. विहिरीत पडलेला बिबट्या कठड्यावरच्या गर्दीकडे कसा बघतो, ते मी लहानपणी पाहिलंय. नजर तीच, फक्त आता ती वर होती आणि गर्दी खाली.

गाइडने दुर्बीण लावली. नराला शेपटीखाली काळा ठिपका असतो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, या झाडाखालून, त्या झाडाखालून. शेवटी म्हणाला, "मादी आहे. पिल्लं कुठे लपवून आली असेल तर? सोडू या." मित्राने बंदूक खांद्याला अडकवली. कुत्र्यांना साखळ्या लागल्या, आणि आम्ही आल्या वाटेने परतलो.

झाडीतून क्षणभर दिसलेल्या प्यूमाबद्दल नर की मादी हे कोण सांगणार? ज्या कुत्र्यांना मी अन्याय म्हणत होतो, त्यांच्यामुळेच बघायला वेळ मिळाला होता. नंतर वाचलं, ते आणखी अवघड गेलं. १९६५ पर्यंत कोलोरॅडोत प्यूमा मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळे. 'शिकारीचा प्राणी' हा दर्जा मिळाला तेव्हा ते थांबलं आणि मारण्यावर मर्यादा आल्या. संशोधक मॉरिस हॉर्नोकर यांनी १९६०च्या दशकात आयडाहोत प्यूमाचा अभ्यास केला तोही असाच, कुत्र्यांनी झाडावर चढवलेल्या प्यूमांना गुंगीचं औषध देऊन, खुणेचे पट्टे लावून.

तोच प्रस्ताव उद्या पुन्हा आला, तर मी विरोधात मत देईन. मात्र एक कबूल करतो. त्या दिवशी ठिपका दिसला असता, गोळी सुटली असती आणि ते धूड फांद्या मोडत माझ्यापुढे पडलं असतं, तर हे वाक्य मी लिहिलं असतं का? मला मादी दिसली. मत बदलायला ते सोपं गेलं.