ठासणीची बंदूक

जबलपुरास नव्याने बदलून आलेला मनुष्य पहिल्या पंधरवड्यात एकदा तरी दचकतो. दुपारची वेळ असते, कचेरीत पंखे फिरत असतात, आणि एकाएकी खमरियाच्या दिशेने एक दणका येतो. खिडकीची तावदाने थरथरतात. नवखा इकडेतिकडे पाहू लागतो. जुनी मंडळी मात्र फाइलीतून मान वर करीत नाहीत. तिकडच्या मैदानावर दारूगोळ्याची चाचणी चाललेली असते. हे गावच तोफांचे आहे. तोफगाड्यांचा कारखाना येथे १९०४ साली निघाला. दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. आणि २०१९ च्या एप्रिल महिन्यात 'धनुष' ही लांब पल्ल्याची तोफ येथूनच सैन्याच्या स्वाधीन झाली. अशा गावात केंद्र सरकारच्या एका कार्यालयात मी गेली सहा वर्षे कारकुनी करीत आहे.

पहिल्या दणक्याला मीही दचकलो होतो; पण माझे दचकणे थोडे निराळे होते. मला क्षणभर वाटले, आजोबांनी बार काढला!

आमचे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळ तालुक्यात. आजोबांजवळ एक ठासणीची बंदूक होती. तिचा परवाना १९६३ सालचा. लहानपणी मे महिन्याच्या सुटीत आम्ही गावी जात असू, तेव्हा ती माजघरातल्या खुंटीवर टांगलेली दिसे. आजोबा तिला कोणास हात लावू देत नसत. तथापि बार भरताना जवळ उभे राहण्याची परवानगी मला होती. तो विधी मला आजही तोंडपाठ आहे. आधी नळी उभी धरावयाची. वेळूच्या एका पेराने मापून दारू तोंडातून आत सोडावयाची. वर नारळाच्या सोडणाचा बोळा घालून लोखंडी गजाने ठासावयाचे. मग छरे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. शेवटी घोडा मागे ओढून बोंडावर तांब्याची केप बसवावयाची. एवढे होईपर्यंत वानर कधीच पलीकडच्या माडावर गेलेले असत! आजोबांना त्याची खंत नसे. बहुतेक वेळा ते छरे घालीतच नसत. दारू आणि बोळा एवढ्यावरच बार काढीत. "जनावराला मारायचे नसते, त्याला आठवण द्यायची असते," असे ते म्हणत.

पावसाळ्यात दारूला ओल धरे. श्रावणातल्या एखाद्या उघडिपीला आजोबा ती सुपात पसरून अंगणात उन्हाला ठेवीत. इयत्ता दुसरीत असताना 'माझे आजोबा' या निबंधात मी लिहिले होते की, माझे आजोबा अंगणात दारू वाळत घालतात. गुरुजींनी बाबांना बोलावून घेतले होते, ही हकीगत आमच्या घरी अजून सांगितली जाते.

मराठी माणसाच्या तोंडी ही बंदूक अजून शिल्लक आहे, हे परप्रांतात आल्यावर माझ्या विशेष ध्यानात आले. आपण एखादी गोष्ट 'ठासून' सांगतो, सभेत कोणाचा बार 'फुसका' निघतो, कोणी 'दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक' ठेवतो. बोलणाऱ्याने गज कधी हातात धरलेला नसतो. पण शब्दाने तो धरलेला असतो.

या सर्व आठवणी वर येण्यास कारण घडले ते गेल्या पावसाळ्यात आलेल्या काकांच्या फोनचे. आजोबा २००१ साली वारले. थोरले म्हणून बंदूक बाबांकडे यावयाची. पण बाबांनी ती नाकारली आणि परवाना काकांच्या नावे झाला. आता काकांचे वय सदुसष्ट, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ते म्हणाले, "झिला, आता माझ्याच्यान जमाचा नाय. तू थोरल्याचो झील. तू ये, नि ती तुझ्या नावार करून घे." मी 'बरे' म्हणून फोन ठेवला. पण मनात कोठेतरी सुखावलो, हे कबूल केले पाहिजे. बदलीच्या नोकरीत माणसाचे सारे सामान एका मालमोटारीत मावते. गावचे आपले म्हणून काही आपल्या नावावर असावे, ही इच्छा आपल्यापैकी कोणाला नसते?

कारकुनाच्या सवयीप्रमाणे मी प्रथम कायदा काढून वाचला. १९५९ चा शस्त्र अधिनियम, कलम १३. त्यात एक मौज आहे. इतर बहुतेक हत्यारांच्या बाबतीत परवाना देण्यापूर्वी अर्जदाराने सबळ कारण दाखविले पाहिजे. परंतु शेतीच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी कोणी ठासणीची बंदूक मागितली, तर दुसरी काही कायदेशीर बाधा नसल्यास त्याला परवाना द्यावयाचा आहे. इतकेच नव्हे, तर ठासणीची बंदूक त्या कामी पुरी पडत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. १८७८ च्या इंग्रजी कायद्याने प्रजेचे हात रिकामे केले होते. स्वराज्याच्या कायद्याने शेतकऱ्याच्या हाती निदान एक बार ठेवला. जी बंदूक एकदाच उडते आणि पुन्हा भरावयास मिनिट घेते, तिच्यापासून राज्यास भय नाही, असा हिशेब त्यामागे असावा. हिशेब शहाणपणाचा आहे. पण त्यातील 'खऱ्याखुऱ्या' हा शब्द माझ्या डोळ्यांपुढून हलेना. माझी शेती कोठे आहे? रांझीच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर दोन कुंड्यांत तुळस आणि ओवा आहे. त्यांना अद्याप वानराचा उपद्रव नाही.

आमच्या शेजारी तोफगाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक टर्नर राहतात. सारी गल्ली त्यांना 'उस्ताद' म्हणते आणि ते मला 'बाबूजी'. काकांनी पाठविलेले बंदुकीचे छायाचित्र मी त्यांना दाखविले. ते त्यांनी मोठे करून पाहिले, नळीच्या बुडाशी बराच वेळ थांबले, आणि मग आपल्या मोबाइलवर मला दुसरीच चित्रे दाखवू लागले. ती अमेरिकेतील ठासणीच्या रायफलींची होती.

मी थक्क झालो. माझ्या समजुतीप्रमाणे ठासणीची बंदूक म्हणजे गरिबाचे, मागे राहिलेले हत्यार. तेथे ते हौसेचे आहे. त्या देशात पुष्कळ राज्यांनी तोंडाकडून भरावयाच्या बंदुकांसाठी शिकारीचा वेगळा हंगाम राखून ठेवला आहे. मुख्य नियम हा की, हत्यार तोंडाकडून भरले पाहिजे. मग तोंड सोडून बाकी सर्व नवे करण्यास कारागीर मोकळे झाले! १९८५ साली मिसुरी राज्यातील टोनी नाइट या कारागिराने अशी रायफल बाजारात आणली की, तिच्यात ठिणगी बाजूच्या बोंडातून वळसा घेत येत नाही. केप नळीच्या थेट पाठीमागे, एका रेषेत असते. ठिणगी सरळ दारूवर पडते; बार रेंगाळत नाही. मागची फिरकी काढली की नळी आरपार धुता येते. हे ऐकून मला आजोबांचे ओले बार आठवले. दहातले तीन-चार केपेपाशीच संपत.

"आणि ही पाहा," उस्ताद म्हणाले, "हिच्यात बिनधुराची दारू चालते." हेन्री बॉल नावाच्या कारागिराने ही कल्पना सिद्धीस नेली आणि सॅव्हेज कंपनीने या शतकाच्या आरंभी तशी रायफल विकावयास काढली. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू जळते तेव्हा निम्म्याहून अधिक भाग धूर व काजळी होऊन राहतो. त्या काजळीने नळी गंजते, म्हणून प्रत्येक वापरानंतर ती गरम पाण्याने धुवावी लागते. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय या रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू शोधली आणि जगातील सैन्यांच्या बंदुका बदलल्या. ती जळून जवळजवळ सारीच वायू होते. तिचा जोर अनेक पटींनी मोठा. आजच्या रायफलीत दाब चौरस इंचास ५०,००० पौंडांच्या वर जातो. म्हणून ती वापरावयाची ठासणीची रायफल मुळापासून निराळ्या पोलादाची, जाड बुडाची घडवावी लागते. आणि तरीही काही राज्ये त्या हंगामात ही दारू वर्ज्य मानतात.

मी सहज विचारले, "आणि ती दारू या आमच्या बंदुकीत घातली तर?"

उस्तादांनी माझ्याकडे पाहिले. "बाबूजी, काळी दारू आपल्या चालीने जळते. ही दुसरी कोंडली की चिडते. जितका दाब वाढेल, तितकी भराभर जळते, आणि जळते म्हणून दाब आणखी वाढतो. ती तोळ्यावर मोजायची, मापट्याने नव्हे. तुमच्याकडे मापाला काय होते?"

"वेळूचे पेर."

"बस," ते म्हणाले. "माप तेच आणि दारू दुसरी. नळी बुडाशी फुटते. धरणाऱ्याचा डावा हात जातो."

मी काही बोललो नाही. माझ्या बाबांच्या डाव्या हाताची दोन बोटे अर्धी आहेत.

ती हकीगत आमच्या घरी फारशी बोलली जात नसे. १९७३ साली, बाबा अठरा वर्षांचे असताना, शेजारच्या वाडीतील एका घरी कोणी पाहुणा शिकारी आला होता. त्याने ठेवलेली काडतुसे फोडून तिघा पोरांनी त्यांतली दारू त्या घरच्या ठासणीच्या बंदुकीत घातली, नेहमीच्या मापाने. पहिला बार बाबांनी काढला. गावाने म्हटले, दुहेरी बार भरला असेल. कोणी म्हटले, बंदुकीला नजर लागली. आजोबा एवढेच म्हणाले होते की, "दारू परकी होती." बाबांनी पुढे नांगर धरला नाही. वर्षभरात ते मुंबईस गेले, टपालखात्यात लागले, आणि उरलेल्या आठ बोटांनी त्यांनी तीस-पस्तीस वर्षे पत्रे वेगळी केली. त्यांचा मुलगा म्हणून मी शहरात वाढलो, पदवीधर झालो, परीक्षा दिली आणि जबलपुरास आलो. आमच्या घराचा पाय गावाबाहेर पडला तो त्या एका बारामुळे. उस्तादांच्या ओसरीवर, बावन्न वर्षांनी, मला त्याचे कारण समजले.

त्या रात्री मी बाबांना फोन केला. उस्तादांनी सांगितले ते सारे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "म्हणजे मी बार चुकीचा भरला नव्हता तर." इतकी वर्षे त्यांना वाटत होते, आपल्याच हातून ठासण्यात काही चूक झाली. बोटांपेक्षा त्यांना तेच अधिक लागले असावे. वडिलांनी शिकविलेले काम आपल्याला साधले नाही, हे. मी म्हटले, "नाही बाबा, ठासणे बरोबर होते." ते हसले. "तुझ्या आजोबांना सांगायला हवे होते कोणीतरी," असे म्हणून त्यांनी विषय बदलला.

जबलपूर शहराला ठासणीच्या हत्याराची एक फार कडवट ओळख आहे. १८५७ साली ज्या एनफील्ड रायफलीच्या काडतुसाने हिंदुस्थान पेटला, ती ठासणीचीच होती. दातांनी कागद फाडून दारू तोंडाकडून ओतावयाची, मग गोळी गजाने सारावयाची. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला गोंड राजा शंकरशाह आणि त्याचा पुत्र रघुनाथशाह यांना येथे तोफेच्या तोंडी देण्यात आले, आणि त्या रात्री येथील ५२ वी पलटण उठून गेली. हुतात्म्यांच्या स्मारकावरून मी पुष्कळदा गेलो आहे. परंतु त्या संध्याकाळी तेथे थांबलो तेव्हा वाटले की, नळी तीच आणि गज तोच. कोणाच्या हाती आहे आणि कशासाठी भरली आहे, यावरच तिचा सारा धर्म ठरतो. आजोबांची बंदूक भाताची राखण करणारी होती. ती रांझीच्या दिवाणखान्यात भिंतीवर आली, तर ती काय राखणार? माझा गावचा अभिमान?

गावी तिचे काम अजून संपलेले नाही. रानडुकरे पूर्वीपेक्षा वाढली आहेत. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या; दोन्ही वेळा बंदूक ठाण्यात जमा करावी लागली, आणि दुसऱ्या वेळी भात खळ्यावर यावयाचे होते. चुलतभावाने तेव्हा रात्ररात्र पत्र्याचे डबे वाजविले. शेत तो करतो, राखण तो करतो, जमा करून पावती तोच घेतो. पण बंदूक थोरल्या घराची, म्हणून त्याने ती कधी मागितली नाही. काकांनीही मुलासाठी शब्द टाकला नाही. त्यांच्या फोनमागे हे सारे होते, ते मला ऐकू आले नव्हते.

मी काकांना फोन करून सांगितले, "बंदूक त्याच्या नावावर करा. माझी आणि बाबांची ना-हरकत मी पाठवितो." काका म्हणाले, "थोरल्याची वस्तू हा ती." मी म्हटले, "काका, कायदा खऱ्याखुऱ्या शेतीचा आहे. मी कागदाची शेती करतो." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मगे माप तरी तुझ्याकडे असो दे."

गेल्या दहा वर्षांत मी इतरांची शेकडो ना-हरकत पत्रे फाइलीला लावली असतील. स्वतःचे पहिल्यानेच लिहिले. दोन प्रती काढल्या, बाबांची सही मागविली, आणि स्पीड पोस्टाने पाठवून दिले.

पंधरा दिवसांनी काकांकडून एक पुडके आले. त्यात आमसुले, कुळथाचे पीठ, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले वेळूचे पेर होते. दारूच्या काळ्या डागांनी आतून अजून मखमलीसारखे. ते मी कचेरीत टेबलावर ठेवले आहे. त्यात पेन्सिली उभ्या राहतात. खमरियाकडून दणका आला की त्या किंचित हलतात. मीही आता मान वर करीत नाही.