काढून टाकलेला थर्मोस्टॅट

आमच्या धाकट्या भावाच्या उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, भाजल्याचा पांढरट डाग आहे. कोणी विचारलेच तर तो सांगतो, "गाडीचे पाणी उडाले." ते झाकण त्याने कोणाच्या सांगण्यावरून उघडले, हे तो कधी सांगत नाही. ते आम्ही सांगतो.

२०१४ साली आम्ही दोघा भावांनी मिळून २००६ सालची जुनी मारुती ओम्नी घेतली. निम्मे पैसे आमच्या पतपेढीच्या कर्जाचे, निम्मे त्याच्या बायकोने पै पै करून साठवलेले. उल्हासनगरच्या कारखान्यांतून शिवलेल्या कपड्यांचे गठ्ठे अंबरनाथ-बदलापूरच्या दुकानांत पोचवायचे काम त्याचे, हिशेब ठेवायचे काम आमचे. बी.कॉम. झालेल्या क्लार्कला दुसरे काय येणार! शंभर पानी वहीत आम्ही रोजचे किलोमीटर आणि पेट्रोल लिहीत असू. रविवारी वस्तीतला कोणाचा पेशंट न्यायचा असो की कार्यक्रमाच्या सतरंज्या, गाडी दारात होतीच.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये गाडी गरम होऊ लागली. आमच्या नाक्यावरचे मिस्त्री सगळी उमर पद्मिनी टॅक्सीवर घालवलेले. ते म्हणाले, "साहेब, थर्मोस्टॅटचा वॉल काढून फेका. थंड मुलखातल्या गाड्यांसाठी आहे तो. आपल्याकडे पाणी मोकळे फिरले पाहिजे." आमचा भाचा तेव्हा नुकताच आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून आला होता. तो म्हणाला, "मामा, वॉल काढू नका. बोअरचे पाणी घालून घालून रेडिएटर आतून चोंदलाय. तो साफ करा आणि कूलंट भरा." रेडिएटरचा खर्च दीड हजार, वॉल काढायचे पन्नास रुपये. आम्ही चार माणसांसमोर त्याला म्हणालो, "तुझी दोन वर्षे आणि मिस्त्रींची चाळीस वर्षे, कर बघू वजाबाकी." पोरगा खाली मान घालून निघून गेला.

वॉल निघाला आणि काटा खाली आला. आम्ही खूश. सकाळी गाडी बराच वेळ चोकवर ठेवावी लागे, तिकडे आम्ही लक्ष दिले नाही. लिटरला चौदा किलोमीटर चालणारी गाडी साडेअकरावर आली, ते तर आमच्याच अक्षरात वहीत लिहिलेले होते. आम्ही पेट्रोलपंपवाल्याला शिव्या घातल्या.

मे २०१६ मध्ये घोटीकडे एका लग्नाला निघालो. गाडीत आई, दोघी जावा, पोरे आणि आहेराची भांडी. दुपारी एकच्या उन्हात कसारा घाट चढताना काटा लाल रेघेला भिडला आणि वाफ निघाली. भाऊ म्हणाला, "दादा, अर्धा तास थांबू, निवू दे." आम्हाला लग्नघटकेची घाई. आम्ही म्हणालो, "फडके धर आणि उघड झाकण, पाणी ओतू." त्याने उघडले. त्या झाकणाच्या दाबामुळे आतले पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही, ०.९ चे झाकण शाबूत असेल तर ते ११८ अंशांच्या आसपासपर्यंत दम धरते. दाब सुटला की मात्र क्षणात त्याची वाफ होते. भावाचा हात भाजला. आई ओरडली ती अजून कानात आहे. एवढे होऊनही आम्ही इंजिनात बाटल्यांतले गार पाणी ओतले! त्याने ॲल्युमिनियमचे हेड वाकले आणि गॅस्केट गेले. लग्न हुकले. भावाला आधी इगतपुरीला दवाखान्यात नेले, गाडी मागून टेम्पोला बांधून आणली.

पाच आठवडे गाडी उभी, म्हणजे पाच आठवडे भावाच्या घरात कमाई नाही. वहिनी आम्हाला एक शब्द बोलल्या नाहीत, जेवायला मात्र वाढत होत्या. आम्ही बहिणीकडे गेलो आणि भाच्याला म्हटले, "आमचे चुकले. गाडी तू कर." तो म्हणाला, "करतो मामा, पण मध्ये बोलायचे नाही."

त्याने पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकघरात शाळा भरवली. मुलीच्या कॉलेजातून प्रयोगशाळेचा थर्मामीटर मागून आणला. दुधाच्या पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याला टांगलेला नवा थर्मोस्टॅट. वॉलवर ८२ आकडा कोरलेला होता. त्याच्या पितळी कुपीत मेण असते. मेण वितळले की फुगते, दांडी ढकलते आणि झडप उघडते. वीज नाही, तार नाही. ऐंशीपर्यंत काही हलले नाही. ८२-८३ ला झडपेने जरासे तोंड उघडले आणि पाणी खदखदू लागेपर्यंत पूर्ण उघडली. आमच्या सौ. म्हणाल्या, "म्हणजे हा दारावरचा वॉचमन झाला!" इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ द्यायचे नाही, तापले की दार उघडायचे. इंजिन गार राहिले तर पेट्रोल नीट जळत नाही आणि आतले भाग लवकर झिजतात.

"मग वॉल नव्हता म्हणून गाडी तापली का?" आम्ही विचारले. मिस्त्री पूर्वी म्हणत, पाणी फार वेगाने फिरले तर रेडिएटरमध्ये गार व्हायला त्याला सवड मिळत नाही. भाचा हसला. वेगाने फिरणारे पाणी उष्णता जास्तच नेते, म्हणाला. आजार रेडिएटरचा होता. क्षारांनी निम्म्या नळ्या बंद झाल्या होत्या आणि झाकणाचे रबर मेले होते. वॉल काढल्यामुळे सपाट रस्त्यावर काटा खाली राहिला आणि आजार वर्षभर झाकून गेला. भरल्या गाडीने घाट चढताना तो उघडा पडला.

हेडला लेथवर फेसिंग केले, रेडिएटर नव्या नळ्यांचा करून घेतला. पण थर्मोस्टॅट जिथे बसतो ती मूळची बैठक बोअरच्या पाण्याने खाऊन टाकली होती. नवी मिळेना. मग भाच्याने भंगार बाजारातून दुसऱ्या गाडीचे वॉलघर आणले; ते होज पाइपच्या मध्येच बसवायचे होते. ओम्नीचे इंजिन सीटखाली आणि रेडिएटर पुढे नाकाशी, मध्ये लांबलचक पाइप. कुठे बसवायचे? बोलायचे नाही ठरले होते, तरी आम्ही बोललोच. रेडिएटरजवळ पाइप सरळ आहे, तिथे बसव, जोडणीचे दोनशे रुपये वाचतील. त्यानेही ऐकले, बहुधा आम्हाला शिकवण्यासाठीच.

काटा वर चढत गेला, लालजवळ पोचला, मग धाडकन खाली पडला. पुन्हा तेच. इंजिनातले पाणी उकळायला आले तरी चार फुटांवरच्या वॉलपर्यंत ती ऊब पोचतच नव्हती, कारण बंद झडपेमागचे पाणी जागच्या जागी उभे होते. उशिरा झडप उघडली की रेडिएटरमधले सगळे गार पाणी तापल्या इंजिनावर येई. घाटात बाटलीने केले तेच आता पाइप करीत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने वॉलघर हेडच्या तोंडापासून चार बोटांवर आणले. त्याच्या अलीकडून एक बारीक पाइप काढून पंपाच्या ओढीकडे जोडला, म्हणजे झडप बंद असतानाही गरम पाणी तिच्याजवळून फिरत राहील. वॉलच्या चकतीला तीन मिलिमीटरचे भोक पाडून ते वरच्या बाजूला ठेवले, हवा निघून जावी म्हणून. गाडीचे नाक चढावर ठेवून कूलंट हळूहळू भरले. काटा मधोमध येऊन थांबला.

भाच्याने पुढे एकदा सांगितले की इंग्लंडच्या रोव्हर कंपनीचे के-सिरीज इंजिनही हेड गॅस्केटसाठी बदनाम झाले होते. एमजीएफ नावाच्या गाडीत ते सीटमागे आणि रेडिएटर पुढे. पुढे त्याच इंजिनाच्या फ्रीलँडर गाडीत कंपनीने थर्मोस्टॅट इंजिनातून काढून बाहेर पाइपवर बसवला. मोठमोठ्या इंजिनिअरांनाही वॉलची जागा बदलावी लागली, हे ऐकून आम्हाला थोडे बरे वाटले हे कबूल करतो.

भाऊ पुन्हा कामाला लागला. तीन आठवड्यांनी वहीत चौदाचा आकडा आला, तेव्हा त्याने तो भरल्या हाताने आईला दाखवला.

२०२१ मध्ये गाडीची पंधरा वर्षे भरली आणि आम्ही ती टिटवाळ्याच्या एका गृहस्थाला दिली. दीड महिन्याने त्यांचा फोन आला, आमच्या मिस्त्रीने मधला तो डबा काढून टाकलाय, त्याची गरज नव्हती म्हणे. भाऊ जेवत होता. ताटावरून उठला, शर्ट घातला, मोटारसायकलची किल्ली घेतली आणि आमच्या दाराशी येऊन म्हणाला, "दादा, ती जुनी वही दे. पेट्रोलची पाने दाखवून येतो."