नदीवरचा चष्मा

आमच्या घरांत मासा शिजत नाहीं, आणि गळ टाकून नदीकांठीं बसण्याचा उद्योग आमच्या सात पिढ्यांत कोणीं केला असेल असें वाटत नाहीं. असें असतां मासेमाराच्या चष्म्याविषयीं एका संस्कृतच्या मास्तरानें लिहावें, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. आमच्या घरच्या मंडळींसहि तें वाटलें. परंतु गेल्या हिवाळ्यांत मीं असा एक चष्मा विकत घेतला. तो घेतांना एकदां चांगला फसलों. आणि त्या खरेदीच्या मागें तीस वर्षांपूर्वींचें एक देणें होतें.

बिलोलीच्या आसपास मांजरेच्या कांठानें भोई मंडळींचीं घरें आहेत. त्यांतलाच एक मुलगा आठवीच्या वर्गांत माझ्या हाताखालीं होता. एके दिवशीं माळेगांवच्या जत्रेंतून आणलेला काळा चष्मा लावून तो वर्गांत येऊन बसला. मी फळ्यावर 'राम' शब्द चालवीत होतों. द्विवचनापर्यंत आलों तोंच मुलें हंसूं लागलीं, म्हणून मागें वळून पाहिलें. मीं चष्मा काढून घेतला व त्यास तास संपेपर्यंत उभें केलें. "गुरुजी, डोळ्याची आग होती," असें तो कांहींसें पुटपुटला. तें मला नेहमींच्या सबबींपैकीं एक वाटलें. पहांटेपासून बापाबरोबर नदीवर जाळें ओढून हा मुलगा शाळेंत येतो, हें मला ठाऊक नव्हतें, कारण मीं तें कधीं विचारलेंच नव्हतें. नववींत त्यानें शाळा सोडली. तो चष्मा शाळेच्या कपाटांत पडला आणि पुढें कोठें गेला कोण जाणे.

गेल्या कार्तिकांत आठवड्याच्या बाजारीं त्यानें मला ओळखलें. मासळीच्या बाजूनें मी एरवीं नाकाला उपरणें लावून झपाझप निघून जातों. त्या दिवशीं थांबावें लागलें. त्याच्या उजव्या डोळ्यांत नाकाच्या बाजूनें तांबूस मांसाचा पडदा बुबुळावर चढत चालला होता. नांदेडला दाखविलें होतें. वर्षानुवर्षें ऊन, वारा व धूळ खाल्लेल्या डोळ्यांत असें मांस वाढतें. तें बाहुलीपर्यंत आलें तर कापून काढावें लागेल, कापलें तरी पुन्हां येऊं शकतें, तेव्हां आधीं डोळ्यांस ऊन लागूं देऊं नकोस, असें डॉक्टरांनीं सांगितलें होतें.

"मग चष्मा कां लावीत नाहींस?" मीं विचारलें.

"लावला होता की एकदा, गुरुजी. तुम्हीच काढून घेतला." असें म्हणून तो मनापासून हंसला. त्याच्या मनांत कांहीं नव्हतें. मला मात्र हंसतां आलें नाहीं.

त्याच आठवड्यांत मी शहरांत गेलों. दुकानदारानें "मासेमारीचाच आहे" असें म्हणून सर्वांत काळा चष्मा काढून दिला. चष्मा जितका काळा तितका चांगला, अशी माझीहि समजूत होती. घरीं येऊन विहिरीच्या कठड्याशीं उभा राहून पाहिलें, तों पाणी काळें दिसलें, पण पाण्यावरची चकाकी जशीच्या तशी! आमचा पुतण्या विज्ञानाचा पदवीधर. त्यानें चष्म्याची कांच मोबाईलच्या उजळ पडद्यापुढें धरली आणि हळूहळू पाव फेरा फिरविली. कांहीं फरक पडला नाहीं. "काका, हें नुसतें रंगविलेलें प्लॅस्टिक आहे. पोलराइज्ड कांच असती तर फिरवितांना बहुतेक पडद्यांवर एके ठिकाणीं काळोख झाला असता," तो म्हणाला. पुढें त्यानें जें सांगितलें त्यानें मी अधिकच वरमलों. कांच गडद असली कीं डोळ्याची बाहुली मोठी होते. आणि त्या कांचेंत अतिनील किरण अडविण्याचा गुण नसेल तर ते उलट जास्तच आंत जातात. जत्रेंतल्या त्या चष्म्यानेंहि मुलाचा डोळा वांचला नसता, हें मला तेव्हां कळलें. त्यामुळें माझें ओझें कमी झालें नाहीं. त्याची तक्रार तर खरीच होती.

या निमित्तानें पुतण्याकडून जें शिकलों तें थोडक्यांत सांगतों. सूर्याचा प्रकाश सर्व दिशांनीं थरथरत येतो. तो पाण्यावर तिरपा आपटून परत फिरला कीं त्याची थरथर मुख्यत्वें आडवी होते. चष्म्याच्या कांचेंत जणूं अदृश्य उभे गज बसविलेले असतात. उभ्या गजांतून उभी काठी पार जाईल, आडवी अडकेल. तशी ती आडवी चकाकी अडकते, आणि पाण्याच्या पोटांतून येणारा प्रकाश तेवढा डोळ्यांत येतो. फ्रान्समधील मालूस यानें १८०८ सालीं पॅरिसमधल्या एका राजवाड्याच्या खिडक्यांवर चमकणारें मावळतीचें ऊन स्फटिकांतून पाहतांना ही गोष्ट हेरली. आपल्याकडे तिचा सर्वांत देखणा उपयोग केला तो चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं. १९२१ सालीं 'नारकुंडा' बोटीनें विलायतेहून परततांना त्यांनीं समुद्राकडे निकोल स्फटिकांतून पाहिलें आणि पृष्ठावरची चकाकी पुसून टाकली. समुद्राचा निळेपणा म्हणजे आकाशाचें प्रतिबिंब, असें तोंवर मोठेमोठे म्हणत. चकाकी गेल्यावर निळेपणा जाण्याऐवजीं अधिकच खुलला! तो पाण्याचा स्वतःचा आहे, असें पत्र त्यांनीं मुंबई बंदरांतूनच 'नेचर' साप्ताहिकास धाडलें. नोबेल पारितोषिक १९३० सालीं मिळालें, पण त्या वाटेचा आरंभ या बोटीवर झाला. भोयाच्या नाकावरचा चष्मा आणि रामनांचा स्फटिक यांचें काम एकच, हें कळल्यापासून त्या वस्तूकडे मी निराळ्याच आदरानें पाहूं लागलों.

दुसऱ्या खेपेस मी पुतण्यास बरोबर नेलें. दोन चष्मे मागवून एकाची कांच दुसऱ्याच्या कांचेवर आडवी धरून पाहिली; दोहोंतून पाहतां काळोख झाला, तेव्हां खात्री पटली. चकाकी अडविणें आणि अतिनील किरण अडविणें हे दोन निराळे गुण आहेत. एक आहे म्हणून दुसरा असेलच असें धरूं नये. त्यासाठीं 'यूव्ही ४००' असें लिहिलेलें पाहिलें. चारशें नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात असा त्याचा अर्थ. रंगाचा प्रश्न निघाला तेव्हां विक्रेता राखी कांच पुढें करूं लागला. खोल पाणी व लख्ख ऊन असेल तर राखी उत्तम, त्यानें रंग बदलत नाहींत. परंतु आमची मांजरा उथळ, वाळूची व बरीचशी गढूळ. तेथें तपकिरी कांचेंतून मासा व वाळू यांतला फरक अधिक उठून दिसतो, म्हणून तपकिरीच घेतली. बाजूनें ऊन शिरूं नये म्हणून कानाकडे वळलेली रुंद चौकट पाहिली. खरी कांच जड असते व पडली कीं फुटते. नावेंत वावरणाऱ्यास पॉलिकार्बोनेट बरें, ओरखडे पडतात तेवढें सोसावें. आणि मानेमागें अडकविण्यास दोरी! ही आठवण मला झाली, पुतण्यास नव्हे. पन्नाशीनंतर चष्मा हरविण्याचें शास्त्र माणसास आपोआप येतें.

एक गोष्ट दुकानांत कोणीं सांगितली नाहीं. या चष्म्याचा पुरा गुण एका विशिष्ट कोनांतच येतो, आणि पाण्यासाठीं त्याचें गणित शुल्बसूत्रांतल्या तीन-चार-पांचच्या त्रिकोणाचेंच आहे. डोळा पाण्यापासून तीन हात उंच असेल तर चार हात पुढचें पाणी सर्वांत स्वच्छ दिसतें. पायाखालीं सरळ पाहिलें तर चष्मा असून नसून सारखा. गढूळपणावरहि त्याचा इलाज चालत नाहीं. शिवाय मासा दिसतो त्याहून खोल असतो, हा पाण्याचा जुना कावा चष्म्यानें जात नाहीं. येथें मला आपल्या कीर्तनांतला मत्स्यवेध आठवला. मूळ भारतांत लक्ष्य आकाशांत आहे व यंत्राच्या छिद्रांतून पांच बाणांनीं तें भेदावयाचें आहे. पाण्यांत प्रतिबिंब पाहून नेम धरणें ही पुढील कथेकऱ्यांची भर. पण कीर्तनांतल्या त्या अर्जुनाच्या डोळ्यांवर कोणीं हा चष्मा चढविला असता तर प्रतिबिंबच पुसलें जाऊन द्रौपदीचें लग्न लांबलें असतें!

माघांत एके सकाळीं आम्ही येसगीच्या बाजूस नदीवर गेलों. बोधनकडे जाणारा रस्ता तेथें मांजरा ओलांडतो; पलीकडे तेलंगण. पाणी निवळलें होतें आणि ऊन असें कीं डोह पाहूं जावें तर कल्हई केलेल्या परातींत पाहिल्यासारखें व्हावें. चष्मा हातांत दिला तेव्हां तो लाजला.

"लोक हंसतील, गुरुजी. भोयाचं पोर साहेब झालं म्हणतील."

"मी हंसलों होतों तेवढें पुरे," मीं म्हटलें. हें वाक्य घरून जुळवून आणलें होतें. बोलतांना मात्र तें नीट निघालें नाहीं.

त्यानें चष्मा घातला, दोरी मानेमागें टाकली आणि डोहाकडे पाहूं लागला. बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं. मग बोट दाखवून म्हणाला, "त्या खडकाच्या बुडाला मरळ हाय बघा. आता वर येईल दम घ्यायला." मरळीस अधूनमधून पृष्ठावर येऊन हवा घ्यावीच लागते. ती खरोखरच आली, एक बुडबुडा सोडून गेली. जाळें टाकण्याची घाई त्यानें केली नाहीं. त्याची नजर आणखी पलीकडे, पाण्यांत कलंडलेल्या बाभळीच्या खोडाकडे गेली होती.

"गुरुजी, आमचं जाळं! दिवाळीला तुटून गेलेलं. इतके दिस इथंच अडकलंय."

त्यानें लगेच धोतर खोंचलें, चष्मा काढून माझ्या हातीं दिला आणि "हे धरा, पाण्यात पडंल," म्हणून डोहांत उतरला. मीं तो माझ्या नंबरच्या चष्म्यापुढें धरला. कल्हईची परात नाहींशी झाली. कमरेइतक्या पाण्यांत त्याचीं पावलें तळच्या तांबड्या वाळूवर एकेक करून पडतांना मला कांठावरून दिसत होतीं.