फी माफ, गाडी तीच

२० मे २०२४, वसई
मतदान उरकलं. रांगेत घामाच्या धारा आणि बोलणं नेहमीचंच : पाणी, लोकल. शेजारच्या रिक्षावाल्या दादांचं लक्ष मात्र उद्याच्या निकालावर. त्यांची जुळी, मुलगा नि मुलगी, दोघंही बारावीला.

२१ मे
राज्याचा निकाल ९३.३७ टक्के, कोकण विभाग ९७.५१ घेऊन पहिला, आमचा मुंबई विभाग ९१.९५ वर तळाला. जुळी पास. दोघांनाही इंजिनीअरिंगच हवंय, म्हणजे आता सीईटीकडे डोळे.

४ जून
मतमोजणी आणि नीटचा निकाल एकाच दिवशी. नीटचा खरं तर १४ जूनला यायचा होता. पालघरमधून हेमंत सवरा निवडून आले, ते डॉक्टरच. संध्याकाळी नाक्यावर मात्र विषय एकच, ६७ पोरांना ७२० पैकी ७२० कसे? खासदार कोण, हे विचारायलाही कुणी थांबलं नाही.

९ जुलै
काल शासन निर्णय निघाला. ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आधी निम्मी होती. प्रवेश मात्र केंद्रीभूत फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. दादा आगरी, म्हणजे ओबीसी. मुलीची माफ, मुलाची निम्मी भरायची.
"ताई, पोराने काय घोडं मारलंय?"
मला निर्णय पटतो. पैसे कमी पडले की आधी कुणाचं शिकणं थांबतं, ते या गल्लीत मी पाहिलंय. पण दादांचा हिशेबही खोटा नाही.

ऑगस्ट, तारीख राहिली
नॉन-क्रिमीलेयर दाखल्यासाठी चकरा मारून दोघांचे प्रवेश झाले एकदाचे. मुलाला वसईतलंच कॉलेज, मुलीला अंधेरीच्या पुढचं. म्हणजे फुकटची जागा लांब आणि पैशांची दाराशी! विरारहून भरून आलेल्या गाडीत वसईला पाय टेकवायची सोय नाही. म्हणून पोरगी आधी उलटी विरारला जाते आणि तिथून बसून येते. रोजचा एवढा वेळ जातो, तो कुठल्या जीआरमध्ये धरलाय?

१० ऑक्टोबर
काल पंतप्रधानांनी राज्यातल्या १० सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन केलं. यादी दोनदा वाचली. त्यात अंबरनाथ आहे. वसई-दिवा मार्गाने जायचं, दिव्याला गाडी बदलायची. आपला पालघर जिल्हा यादीत नाही. आता विधानसभेची आचारसंहिता लागेलच.

२३ नोव्हेंबर
विधानसभेला वसईत हितेंद्र ठाकूर पडले, स्नेहा दुबे-पंडित जेमतेम तीन हजारांनी आल्या. गल्लीत फटाके. पेढे वाटत आलेल्या कार्यकर्त्याला दादांनी दारातच गाठलं, "पोराच्या उरलेल्या निम्म्या फीचं बघा." तो म्हणाला, "फॉर्म असेल तर आणून देतो, काका." आणि पुढच्या घरी गेला.