आंबा घाट आणि आमची फटफटी

बँकेतील छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर ज्या थोड्या वस्तू माझ्याजवळ उरल्या, त्यांत १९८६ सालची एक येझदी मोटारसायकल आहे. आमच्या घरी तिला आजही फटफटीच म्हणतात. अधिकारी म्हणून माझी पहिली नेमणूक कोकणात झाली, तेव्हा ती घेतली. शनिवारचे अर्ध्या दिवसाचे काम आटोपून आंबा घाट चढून कोल्हापूरला घरी यायचे आणि सोमवारी पहाटे पुन्हा घाट उतरायचा, हा क्रम तीन वर्षे चालला.

गेल्या कार्तिकात त्याच वाटेने पुन्हा गेलो. या खेपेचे कारण मात्र वेगळे होते. या गाडीची पहिल्यापासून देखभाल करणारे मिस्त्री कोल्हापुरातील आपले दुकान बंद करून साखरप्याजवळच्या मूळ गावी राहावयास गेले होते. इकडे गाडीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी करावयाचे नूतनीकरण जवळ आले होते. पुण्याहून मुलगा सांगत होता, "बाबा, चांगली किंमत येते आहे, देऊन टाका." घेणाराही तयार होता. होकार देण्यापूर्वी मिस्त्रींना एकदा तिचा आवाज ऐकवावा, असे मनाने घेतले.

तरुण वाचकांसाठी या गाडीची थोडी ओळख करून देतो. चेकोस्लोव्हाकियातील जानेचेक यांनी १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकलींचा विभाग विकत घेतला. दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून 'जावा' हे नाव तयार झाले. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१पासून या गाड्या बनू लागल्या आणि १९७३पासून त्या 'येझदी' या नावाने आल्या. एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन. किक मारण्याचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच; किक मारून झाली की तोच पुढे वळवून गिअरसाठी वापरायचा. पहिल्यांदा बसणारा माणूस येथे हमखास गोंधळतो. १९९६ साली कारखाना बंद पडला. पुढे २०१८मध्ये जावा आणि २०२२मध्ये येझदी ही नावे नव्या गाड्यांवर परतली. परंतु त्या गाड्यांचे सुटे भाग आमच्या जुन्या गाडीला उपयोगी नाहीत.

आयुष्य हिशेबात गेल्यामुळे या गाडीचीही वही ठेवली आहे. निवृत्तीनंतर तिची पूर्ण दुरुस्ती केली, त्या एका वर्षाचा खर्च तिच्या मूळ खरेदीच्या किमतीहून अधिक झाला. एक खरा भाग मिळवण्यासाठी दोन नकली भागांचे पैसे जातात. पावसाळ्यात टाकीत गंज धरतो. पेट्रोलमधील इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबरी भागांना ते मानवत नाही. म्हणून गाडी काही दिवस उभी राहणार असेल, तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा लागतो. सौभाग्यवती या वहीला 'बुडीत खाते' म्हणतात. वाणिज्य शाखेत शिकलेला घसाऱ्याचा एक नियम मी त्यांना ऐकवतो : घटत्या शिल्लक पद्धतीत दरवर्षी किंमत कमी होते, पण शून्य कधीच होत नाही. त्यावर त्या म्हणतात, "शून्य होत नाही, म्हणूनच तर खर्च थांबत नाही!"

सकाळी सातला निघालो. पंचगंगा ओलांडली, वाघबीळला पन्हाळ्याचा फाटा डावीकडे सोडला. गळिताचा हंगाम सुरू झाला होता. बांबवड्याच्या पुढे उसाने भरलेल्या ट्रॅक्टरांच्या मागे रांगत जावे लागले. रस्ता रुंदीकरणाची धूळ वेगळीच. मलकापूर मागे पडले आणि इंजिन अडखळू लागले. दोन-तीन ठोके चुकले, मग एक मोठा आवाज झाला आणि गाडी शांत झाली.

पूर्वी असे झाले की मी जवळच्या दुकानातून मिस्त्रींना फोन करीत असे. ते विचारीत, मी सांगे, ते उपाय सांगत. त्या दिवशी त्यांना फोन करावयाचा नाही, असे ठरवले. ज्यांच्याकडे जायचे, त्यांनाच वाटेतून हाक मारणे बरे दिसले नसते. प्लग काढला. तो काळाकुट्ट आणि तेलाने माखलेला होता. पुसला, तारेच्या ब्रशने घासला, पॉलिश कागद फिरवून टोके स्वच्छ केली. हात काळे झाले, विजार डागाळली. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली, तेव्हा शेतातून पाहत असलेल्या एका आजोबांनी दोन्ही हात वर केले. पदोन्नतीचे पत्र हाती आले होते तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

आंब्याला पोहोचून दशम्या-चटणी खाल्ली आणि घाटाच्या तोंडाशी थांबलो. वरचा गार वारा, खाली धुक्यात बुडालेले कोकण, दोन्ही बाजूंना दाट झाडी. पण जुन्या गाडीच्या दृष्टीने खरी परीक्षा चढणीपेक्षा या उताराचीच. या जातीच्या इंजिनाला वंगणाची वेगळी सोय नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच आत जाऊन पिस्टनला वंगण देते. लांब उतारावर आपण मूठ बंद करून गाडी गिअरमध्ये सोडली, तर पेट्रोल जात नाही आणि त्याच्याबरोबर तेलही जात नाही. इंजिन मात्र चाकांच्या जोरावर फिरतच राहते. गरम होऊन पिस्टन सिलिंडरला धरतो. म्हणून थोड्या-थोड्या अंतराने मूठ किंचित पिळून इंजिनाला घोटभर पाजावे लागते. ही युक्ती १९८६मध्ये मिस्त्रींनीच शिकवली होती. प्रत्येक वळणानंतर हात आपोआप वळत गेला. इतक्या वर्षांनंतरही हाताला आठवण होती.

मिस्त्रींचे घर जांभ्या दगडाचे, मागे पोफळी. मी फाटक उघडण्यापूर्वीच ते अंगणात येऊन उभे होते. नमस्कार होण्याआधी म्हणाले, "साहेब, तेल जास्त घालताय."

मी चकित झालो. ते म्हणाले, "वळणावरनं आवाज ऐकला. मी नाही म्हणून घाबरून ओतलंय तुम्ही. कमी तेलानं पिस्टन धरतो हे खरं, पण जास्तीनं प्लग मरतो. माप ते माप."

खरोखरच, ते गेल्यापासून मी प्रत्येक लिटरला अंदाजाने थोडे अधिक तेल टाकीत होतो. जन्मभर दुसऱ्यांच्या हिशेबातील चुका काढणाऱ्या माणसाने स्वतःचे माप भीतीपोटी सोडले होते. मिस्त्रींनी घरातून दोन लिटर कोरे पेट्रोल आणून टाकीत ओतले. मग इग्निशनचे पॉइंट उघडले आणि फिलरची पाती माझ्या हातात दिली. "माझ्या डोळ्यांना आता फट दिसत नाही. तुम्ही लावा, मी ऐकतो." सुमारे ०.४ मिलिमीटरचे ते अंतर. दोनदा त्यांनी मान हलवून नकार दिला. तिसऱ्या वेळी इंजिन सुरू झाले, तेव्हा ते डोळे मिटून थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "आता बरोबर."

चहा घेताना विकण्याचा विषय काढला. ते लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "चालवणार असाल तर ठेवा, साहेब. नुसती झाकून ठेवणार असाल, तर आजच देऊन टाका." निघताना त्यांनी फिलर आणि एक झिजलेली बारीक कानस फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली. पैसे घेतले नाहीत.

परतीच्या चढणीवर गाडी एकदाही अडखळली नाही. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचलो. रात्री वही उघडली. 'पेट्रोल, दोन लिटर' असे लिहिले. पुढचा रकमेचा रकाना कोराच ठेवावा लागला. दुसऱ्या दिवशी घेणाऱ्याला नकार कळवला आणि नूतनीकरणाची कागदपत्रे जुळवावयास घेतली.

मुलाला फोनवर सांगितले, "पुढच्या वेळी आलास की पॉइंट कसा लावतात ते दाखवतो." तो हसला, पण नाही म्हणाला नाही.